संत गाडगे महाराज आणि त्यांच्या धर्मशाळा

गाडगे महाराज म्हटले की खराटा आणि ग्रामस्वच्छता एवढेच आपल्याला आठवते. त्यांचे शेवटचे कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 रोजी आपल्या वांद्र्यात, पोलीस ठाण्याच्या आवारात झाले, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात 23 फेब्रुवारी 1876 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडे डेबूने गुरे राखली, शेती केली. शाळेचे तोंड पाहिले नाही. 1905 साली बायकामुलांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे फुटके गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, मगच भाकरी मागायची. फुकटचे खायचे नाही, हा त्यांचा नेम होता. रात्री कीर्तन करून ते लोकांना सांगत, दारू सोडा, कर्ज काढू नका, मुलांना शाळेत घाला.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिकला आणि ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना पोटभर जेवण मिळे. त्यांच्या नावाने दहा कामांची एक यादी ठिकठिकाणी लावलेली दिसते. ती वाचताना आपल्याला संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही.

एक गोष्ट मात्र पचायला जड जाते. एवढ्या इमारती बांधल्या, पण त्यांत घरच्यांचा हक्क ठेवला नाही. पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. मुलगा गोविंदा वारल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, तरी बाबांनी कीर्तन थांबवले नाही. लोक याला वैराग्य म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण त्या वैराग्याची किंमत कुंताबाईंनीही मोजली, असे मला वाटते.

मुंबईत वेगळीच अडचण होती. गावाहून आलेला रोगी इस्पितळात खाटेवर, आणि सोबतचे नातेवाईक फूटपाथवर! अशांसाठी 1954 साली जे. जे. रुग्णालयाजवळ बाबांची धर्मशाळा झाली.

वांद्र्याच्या कीर्तनानंतर त्यांची प्रकृती ढासळली. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या मागे दादरलाही त्यांच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेले परगावचे रोगी आणि त्यांची माणसे तेथे उतरतात.