बोली की भाषा? शणै गोंयबाबांची लढाई

रशिया-युक्रेन युद्धाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. पण हे भांडण 2022 चं नाही. युक्रेनियन ही वेगळी भाषा नाहीच, ती रशियनची एक बोली, असं झारचं सरकार मानायचं. 1863 मध्ये युक्रेनियनमधल्या शालेय आणि धार्मिक पुस्तकांवर बंधनं आली. 1876 मध्ये तर छपाईच जवळपास थांबली. भाषा नाकारली की माणसांचं वेगळेपणही नाकारता येतं ना!

आता आपल्या शेजारी गोव्यात या. त्या बंदीच्या पुढच्याच वर्षी, 23 जून 1877 ला, डिचोलीत वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर जन्मले. हेच पुढे शणै गोंयबाब झाले. कोंकणी बोलू नका, असा हुकूम पोर्तुगिजांनी 1684 मध्येच काढला होता. त्यात कोंकणी म्हणजे मराठीची बोली, हे मत शिकलेल्यांत पक्कं. घरात कोंकणी बोलायची आणि चारचौघांत लाजायचं, अशी गत.

मुंबईत इटलीच्या कॉन्सुलेटमध्ये नोकरी करणाऱ्या या माणसाला ते खटकलं. नुसतं भाषण ठोकून भाषा मोठी होत नाही, हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्यांनी कोंकणीत कथा लिहिल्या, इतिहास लिहिला, व्याकरणावर काम केलं, मोलिएरची फ्रेंच नाटकं कोंकणीत आणली. 1930 मध्ये 'कोंकणी भाशेचें जैत' या पुस्तकात ती स्वतंत्र भाषा असल्याची बाजू मांडली. 9 एप्रिल 1946 ला मुंबईत ते गेले. मुक्त गोवा काही त्यांना बघायला मिळाला नाही.

वाद मात्र पुढे पेटला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर 16 जानेवारी 1967 ला गोव्यात मतदान झालं. 34,021 मतांच्या फरकाने वेगळं राहणारे जिंकले. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला मान्यता दिली, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये आठव्या अनुसूचीत आली. 1986 च्या भाषा आंदोलनात माणसंही गेली, हे विसरून चालणार नाही. पण शेवटी निकाल लागला तो मतपेटीत आणि विधानसभेत, रणगाड्यांनी नव्हे. राजभाषा कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा राहिली.

आणि आपली मालवणी? 'कुठे'ला मालवणात 'खंय' म्हणतात, पणजीतही 'खंय'च. कोणी तिला मराठीची म्हणतो, कोणी कोंकणीची. पण ती बोलणाऱ्यांना कधी कोणी विचारलंय काय?