विश्लेषण : डेटाबेसमध्ये तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा का येते? त्याला विरोध करणारे एडगर कॉड कोण होते?

समजा, एका तक्त्यात लाखभर वाहनांचे क्रमांक आहेत आणि त्यात कोणकोणत्या आरटीओंच्या गाड्या आहेत एवढेच हवे आहे. क्रमांकाची पहिली चार अक्षरे मागितली, की डेटाबेस लाखभर ओळी समोर ठेवतो. त्यात ‘एमएच१२’ हजारो वेळा. प्रत्येक मूल्य एकदाच हवे असेल, तर एसक्यूएल भाषेत ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द मुद्दाम लिहावा लागतो. ही वेळच येऊ नये असा आग्रह धरणाऱ्या संशोधकाच्या सिद्धांतावर हीच भाषा उभी आहे.

वैमानिक ते आयबीएम

एडगर कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्राचे शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक, १९४८ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएममध्ये नोकरी. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेला कंटाळून १९५३ मध्ये ते कॅनडात गेले, काही वर्षांनी परतले. मिशिगन विद्यापीठाची पीएचडी मिळाली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

१९७० मध्ये काय बदलले?

तोपर्यंत माहिती शोधायची तर ती संगणकात कोणत्या वाटेने साठवली आहे, हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. कॉड यांनी १९७० च्या शोधनिबंधात माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याची कल्पना दिली. काय हवे ते सांगा, कसे शोधायचे ते यंत्र पाहील. पाया होता गणितातील संचाचा, आणि संचात एक घटक एकदाच असतो. आयबीएमचे आयएमएस हे जुन्या पद्धतीचे उत्पादन तेव्हा जोरात होते, त्यामुळे घरच्याच कंपनीने या कल्पनेला लगेच हात घातला नाही.

मग डुप्लिकेट आले कुठून?

पुढे आयबीएमच्याच सिस्टिम आर प्रकल्पात डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एसक्यूएलची रचना केली. सारख्या ओळी काढायच्या तर सगळे उत्तर आधी क्रमाने लावावे लागे आणि त्या काळच्या यंत्रांवर हे खर्चिक काम होते. म्हणून ओळी तशाच ठेवून, नको असतील त्याने ‘डिस्टिंक्ट’ लिहावे, असे ठरले. व्यवहाराच्या दृष्टीने हे समजण्यासारखे होते. कॉड यांना मात्र ते कधीच पटले नाही. तक्त्यातली ओळ हे एक विधान आहे. ते दोनदा लिहून माहितीत भर पडत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

अर्ध्या मजकुराची गंमत

आरटीओच्या उदाहरणात आधी ‘सबस्ट्रिंग’ने चार अक्षरे कापली जातात, मग ‘डिस्टिंक्ट’ उरलेल्या तुकड्यांतील सारखे तुकडे गाळतो. पण शेजारी मालकाचे नावही मागितले, तर तुलना पूर्ण ओळीची होते आणि ‘एमएच१२’ पुन्हा रांगेने येतो. नवशिके हमखास इथेच अडकतात. एखाद्या नोंदीत ‘एमएच’नंतर जागा सुटली असेल, तर तो वेगळाच तुकडा मोजला जातो. कॉड यांच्या मांडणीत एका चौकटीत एकच, न फोडता येणारे मूल्य असावे लागते. आरटीओ वारंवार लागत असेल, तर त्याचा वेगळा स्तंभच बरा.

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे १२ नियम मांडले (शून्यापासून मोजल्याने ते प्रत्यक्षात १३ भरतात). १९८८ मध्ये ‘डेटामेशन’ नियतकालिकात त्यांनी एसक्यूएलचे दोष दाखवले. सारख्या ओळींना मुभा हा त्यातला एक. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एसक्यूएलमधील ती मुभा आजही कायम आहे.