देवाने निवडलेले लोक म्हणजे कोण? या प्रश्नापायी रेव्हरंड टिळकांनी आधी जात सोडली, मग मिशनही सोडलं

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच टिळक येतात. पण त्याच काळात कोकणातल्याच चित्पावन घरातले आणखी एक टिळक महाराष्ट्र गाजवत होते. नारायण वामन टिळक. शाळेत केवढे हे क्रौर्य ही कविता वाचली असेल, तर ती यांचीच. ख्रिस्ती झाल्यावर लोक त्यांना रेव्हरंड टिळक म्हणू लागले.

त्यांची गोष्ट सांगण्याआधी एक कल्पना समजून घेऊ, कारण या माणसाचं आयुष्य तिच्याभोवती फिरतं.

बायबलच्या जुन्या करारात देव अब्राहामाला बोलावतो आणि त्याच्या वंशाला, म्हणजे इस्राएलला, आपली प्रजा म्हणून निवडतो. वाचताना वाटतं, हे लाडके लोक. पण या निवडीला सुरुवातीपासून एक अट आहे. अब्राहामामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांचं भलं व्हायला हवं. पुढे आमोस संदेष्टा तर इस्राएललाच सुनावतो की, तुम्ही निवडलेले आहात म्हणून तुमचा हिशेब जास्त कडक होणार. थोडक्यात, निवड हा मान नव्हता, जबाबदारी होती.

नव्या करारात पौल आणखी पुढे जातो. तो जैतुनाच्या झाडाचं उदाहरण देतो. मूळ झाड इस्राएल आणि त्यावर कलम केलेल्या रानटी फांद्या म्हणजे बाकीचे लोक. रक्तानं नाही, विश्वासानं माणूस या झाडाला जोडला जातो. आणि कलमानं मुळाला तोरा दाखवू नये, हेही तो बजावतो.

(जाता जाता: परंपरेनुसार रक्तानं इस्राएलचे वंशज असलेले बेने इस्राएल कोकणातच राहत होते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. देवाची निवडलेली प्रजा अलिबागकडे तेल गाळत होती आणि जातीच्या उतरंडीत तिला फारसं कुणी विचारत नव्हतं.)

आता टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई लवकर गेली, वडील कडक स्वभावाचे. पोरगा घर सोडून नाशिकला गेला, संस्कृत शिकला, कविता आणि कीर्तनं करू लागला. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. कायम फिरतीवर. धर्माबद्दल मनात खळबळ होतीच. देव सगळ्यांचा बाप असेल तर जात आली कुठून, हा प्रश्न त्यांना ख्रिस्ती होण्याआधीच पडला होता.

१८९३ मध्ये ते रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला, अर्नेस्ट वॉर्ड. गप्पा झाल्या आणि त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळक वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. त्यात नम्र, भुकेले, रडणारे लोक धन्य ठरतात. वंशाचा कुठे उल्लेखच नाही.

१० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे एक तपशील महत्त्वाचा. गोऱ्या मिशनऱ्याकडून नाही, तर तुकारामजी नाथोजी या भारतीय पाळकाकडून. एका वरच्या रांगेतून उठून दुसऱ्या वरच्या माणसापुढे मान झुकवायची त्यांची तयारी नव्हती.

याची किंमत घरानं मोजली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. नंतर नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण सोवळं सोडलं नाही. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग एकदा त्यांनी स्वतःच विचार केला की माणूस देवानं केला, पण जाती कुणी केल्या? तिथून सोवळं सुटलं. टिळकांनी जबरदस्ती केली नव्हती. हे सगळं त्यांनी स्मृतिचित्रेमध्ये लिहिलंय. माझ्या मते निवडलेले कोण हा प्रश्न टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंनी जास्त खडतर वाटेनं सोडवला. त्यांना तो रोज चुलीपाशी सोडवावा लागत होता.

नगरच्या मंडळीत बहुतेक लोक महार-मांग समाजातून आलेले होते. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की मिशनला त्याचं भारी कौतुक. म्हणजे टिळकांना पुन्हा एका खास जागेवर बसता आलं असतं. त्यांनी केलं उलटंच. या मंडळींना त्यांच्या भाषेतली उपासना दिली. इंग्रजी चालींवर भाषांतरित गाणी गाणाऱ्या चर्चमध्ये त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन आणलं. शंभराहून जास्त गीतं लिहिली. परळ-भोईवाड्यातला मराठी ख्रिस्ती असो की नगरच्या खेड्यातला, उपासनेत टिळक त्याला भेटतातच. १९१२ पासून ज्ञानोदयच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे होतं.

त्यांचा सगळ्यात धाडसी विचार मात्र वेगळा होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानायचे. ज्यूंना जसा जुना करार, तसे आपल्याला आपले संत. म्हणजे देवानं या मातीतल्या लोकांनाही आधीपासून तयार केलं होतं. गोऱ्यांच्या बोटीबरोबर देव इथे उतरला नव्हता.

यावर प्रश्न उभा राहतो. प्रत्येक समाजाला आपापला जुना करार असेल, तर इस्राएलचं वेगळेपण काय उरलं? पौलाच्या लेखी ती पहिली निवड रद्द झालेलीच नाही. टिळकांनी ही गाठ धर्मशास्त्राच्या पद्धतीनं सोडवली नाही. ते कवी होते. त्यांनी जगून उत्तर द्यायला घेतलं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. इथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकत होते. चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव आहे का, याला महत्त्व नव्हतं. अनेकांना हे पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावलेल्या माणसाला ही सूट कशी वाटली असेल? टिळक स्वतः त्याच माणसांपैकी होते, हे मात्र विसरता येत नाही.

दरबाराला वेळ फार कमी मिळाला. ९ मे १९१९ला मुंबईत, जे. जे. हॉस्पिटलमध्ये टिळक गेले. आपलं दफन न करता दहन करावं, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. येशूचं चरित्र सांगणारं ख्रिस्तायन हे महाकाव्यही अर्धवट राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.