चौथा खांदा

आजचा शास्त्रभाग : योहान १३:१-१७



गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघात मी हाच भाग घेतला. प्रभू येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. मी नेहमीसारखं सांगितलं, की आपणही असंच नम्र व्हायला हवं, दुसऱ्यांची सेवा करायला हवी. सगळ्यांनी माना हलवल्या. अकरावीतला एक मुलगा मात्र गप्प बसला नाही. त्याचं म्हणणं असं, की आपल्या आजोबा-पणजोबांना गावाने आयुष्यभर वाकायलाच लावलं. चावडीसमोरून जाताना चपला हातात घ्यायला लावल्या. आता कुठे आपण शिकलो, शहरात आलो, मान वर केली, आणि चर्चमध्ये पुन्हा वाकायलाच शिकायचं का?

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझे आजोबाही मराठवाड्यातल्या अशाच एका गावचे. मी काहीतरी गोल गोल बोललो आणि प्रार्थना करून सभा संपवली. पण आठवडाभर ऑफिसमध्ये कोड लिहितानाही तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा काढलं. आज त्यांच्याबद्दल लिहितो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि रानात जाऊन राहिले. पुढे त्याच आईने रमेला शिकवलं. हजारो श्लोक मुखोद्गत. सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मागोमाग आई, मग बहीण. भुकेने. आई गेली तेव्हा तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा रमेचा. पण ती उंचीने लहान, खांदा पुरेना. म्हणून तिने आईचा भार डोक्यावर घेतला आणि लांबच्या स्मशानापर्यंत चालत गेली. तेव्हा तिचं वय सोळा-सतराच्या आसपास, म्हणजे आमच्या त्या मुलाएवढंच.

त्यानंतर बहीणभाऊ देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ते ब्राह्मणांच्या दृष्टीने शूद्र, म्हणून या लग्नाने जात तुटली. १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. वय तेवीस, कडेवर मुलगी मनोरमा.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. लंडनमधल्या फुलहॅमला त्यांनी ख्रिस्ती भगिनींचं काम पाहिलं. समाजाने वाईट म्हणून टाकून दिलेल्या बायकांना या भगिनी प्रेमाने सांभाळत होत्या. असं का करता, हे विचारल्यावर उत्तरादाखल त्यांना योहान ४ मधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. हे रमाबाईंच्या मनात खोल गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

मग त्या मान खाली घालून सगळं ऐकत राहिल्या का? बिलकुल नाही. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी त्यांना ठाम उत्तर दिलं. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत हे त्यांना पटेना. लॅटिन काही संस्कृतपेक्षा पवित्र नाही, असं त्यांचं मत. ख्रिस्ताला त्यांनी मानलं, पण आपला विवेक कुणाकडे गहाण टाकला नाही. मायदेशी परतल्यावर मुंबईत ११ मार्च १८८९ ला त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. काही मुली ख्रिस्ती शिकवणीकडे वळू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्या डगमगल्या नाहीत.

आता याच बाईचं दुसरं रूप बघा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भूक काय करते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हाडांचे सापळे झालेल्या, उवा-खरजेने भरलेल्या सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात ठेवता येईना. म्हणून दौंडजवळच्या केडगावला (आपल्या अहिल्यानगरजवळचं केडगाव ते वेगळं) आपल्या शेतावर तंबू-झोपड्यांत त्यांना ठेवलं. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडल्यावर तिथूनही मुली आणल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सगळ्या जातींच्या मुली एकत्र राहत, एकत्र जेवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी. १८९७ मध्ये उपाशी आलेल्या मुलींना रमाबाईंनी आधी जेवू घातलं, लिहा-वाचायला शिकवलं, विणकाम, छपाई, शेतीचं काम हातात दिलं. मग १९०० मध्ये नव्या मुली आल्या तेव्हा त्यांना अंघोळ घालायला, भरवायला, रात्री उशाशी बसायला याच आधीच्या मुली पुढे झाल्या. आधी उभं केलं, मग त्या आपणहून वाकल्या.

आणि एक गोष्ट. रमाबाईंची सगळ्यात मोठी कमाई कोणती? संस्कृत. त्यावरच तर पदव्या मिळाल्या, जगभर नाव झालं. पण तेव्हाचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड होतं, नुकतीच अक्षरं शिकलेल्या मुलींना ते कळेना. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि उतारवयात संपूर्ण बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. आपलं सगळं पांडित्य खाली ठेवून कालपर्यंत निरक्षर असलेल्या बाईला कळेल असा शब्द शोधत बसायचं! खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. त्या कामात अनेक वर्षं गेली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आपल्यामागे काम सांभाळेल म्हणून जिच्याकडे बघावं, ती मुलगीच गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते त्यांच्यामागे.

हे वाचून मी योहान १३ पुन्हा उघडला, आणि इतकी वर्षं ज्यावरून नजर घसरत गेली ते तिसरं वचन दिसलं. तिथे लिहिलंय, की आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत हे येशूला ठाऊक होतं. त्यानंतर तो उठतो आणि रुमाल घेतो. म्हणजे आपण कोण आहोत हे आधी पक्कं माहीत आहे, पाय धुणं त्यानंतर.

मित्रा, तू हे वाचत असशील तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. चावडीसमोर आपल्या आजोबांना वाकवलं, तो जुलूम होता. त्याला नम्रता म्हणून पवित्र करायचं पाप आपण करायचं नाही. तशा वाकवणाऱ्यापुढे रमाबाईंसारखं ताठ उभं राहायचं, मग तो बिशप असो की मॅनेजर. पण तू देवाचं लेकरू आहेस हे तुला पक्कं माहीत असेल, तर ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही अशा माणसापुढे गुडघे टेकताना तुझं काहीही कमी होत नाही. तुला कुणी वाकवलं नाही, तू स्वतः वाकलास. हे उत्तर मला रविवारीच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, त्याबद्दल माफ कर.

या आठवड्यासाठी संघातल्या सगळ्यांना, आणि वाचणाऱ्या तुम्हालाही, एक काम. घरात आई किंवा बहीण रोज करते असं एक काम सात दिवस तुम्ही करा. भांडी, धुणं, आजीचे पाय चेपणं, काहीही. स्टेटसला टाकायचं नाही. ग्रुपवर सांगायचं नाही. मलाही सांगायचं नाही.

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही तुझी लेकरं आहोत हे आमच्या मनात पक्कं कर. वाकवणाऱ्यांपुढे उभं राहायला आणि पडलेल्यांपुढे वाकायला आम्हाला शिकव. जिथे चौथा खांदा कमी पडतो तिथे आम्हाला पाठव, आणि खांदा पुरला नाही तर डोक्यावर घ्यायचं बळ दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.