सोन्याचा फाळ
बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथील मोती तलाव राजे जगदेवराव जाधवांनी बांधिला. त्याच गावी १५९८ साली लखुजी जाधवरावांच्या कन्या जिजाबाई यांचा जन्म झाला. पुढे बाळ शिवबांसह त्या पुण्यास आल्या, तेव्हा १६३० च्या दुष्काळाने व आदिलशाही फौजेने तो मुलूख ओसाड केला होता. गाढवांचा नांगर फिरलेल्या त्या भूमीत पेरावयास कोणी धजेना. जिजाबाईंनी तेथे सोन्याच्या फाळाचा नांगर चालविला, असे परंपरा सांगते. सोन्याने भुई ती कितीशी उकरणार! परंतु कुणब्यांच्या मनातील भय निघाले. पडीत जमिनीचा सारा आरंभी अल्प ठेवून क्रमाक्रमाने वाढविण्यात आला. परागंदा रयत परतली. रान हटून शिवारे पिकू लागली. पुत्राचा राज्याभिषेक पाहून १६७४ साली जिजाबाई पाचाड येथे निवर्तल्या.