कॅसेटमधल्या तपकिरी फितीमागचा माणूस: फ्रिट्झ फ्लॉयमर

पंढरपुरात प्रल्हाद शिंदेंचा आवाज दुकानादुकानांतून घुमायचा, तो कॅसेटमधून. तिच्यातली तपकिरी फीत आठवते? तो रंग गंजाच्याच जातकुळीतल्या लोह ऑक्साइडच्या बारीक भुकटीचा. फितीवर चुंबकीय भुकटी चिकटवून आवाज साठवण्याची वाट दाखवली फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी.

१८८१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये जन्मलेले हे इंजिनिअर जर्मनीत ड्रेस्डेनला काम करायचे. सिगारेटच्या कागदावर सोनेरी धातूची पट्टी चढवता चढवता त्यांना सुचलं, की अशीच लोखंडाची भुकटी कागदावर बसवली तर?

डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सन यांनी १८९८ मध्येच पोलादी तारेवर आवाज साठवला होता. पण पोलादाची पट्टी जड, तुटली तर वेल्डिंग करावं लागे. फ्लॉयमरांची कागदी फीत फाटली तरी डिंकाने जोडता यायची! फितीचा एकेक भाग आवाजाप्रमाणे कमीजास्त चुंबकित होतो आणि तसाच राहतो, एवढंच तिचं गुपित.

१९२८ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. १९३२ मध्ये एईजी कंपनीने हक्क घेतले, बीएएसएफने प्लास्टिकची फीत बनवली आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' झळकला. पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने फ्लॉयमरांचं पेटंट रद्द केलं. कारण? ही कल्पना पौल्सनच्या जुन्या पेटंटमध्येच येते!

१९४५ मध्ये ते वारले. फिलिप्सची कॅसेट आली १९६३ मध्ये. घराघरात पोहोचलेली आपली फीत त्यांनी पाहिलीच नाही.