अंकल फेस्टरचे बालपण

तुळतुळीत टक्कल, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, अंगात पायघोळ काळा झगा आणि तोंडात धरताच आपोआप पेटणारा विजेचा दिवा. ‘द अॅडम्स फॅमिली’ ही मालिका १८ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तिच्यातील अंकल फेस्टरने तिथल्या बच्चेकंपनीला वश केले. भयपटांतील भुताखेतांना घरगुती विनोदात आणून बसवण्याचे ते दिवस होते. आठवडाभरातच सीबीएसवर ‘द मन्स्टर्स’ ही त्याच जातकुळीची मालिका दाखल झाली. नातवंडे फेस्टरला पाहून हसत होती, तेव्हा आजीआजोबांना मात्र वेगळेच काही आठवत असणार. त्रेचाळीस वर्षांपूर्वी याच माणसाने त्यांना रडवले होते. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो फाटक्या कपड्यांतला पोरका पोर म्हणजेच हा जॅकी कूगन.

जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील फिरत्या रंगमंचावरचे नर्तक. १९१९ च्या जुलै महिन्यात चॅप्लिनचे पहिले अपत्य जन्मानंतर तीनच दिवसांत दगावले. त्यानंतर काही काळातच ऑर्फियम नाट्यगृहात वडिलांच्या कार्यक्रमात नाचणारा हा चिमुरडा त्याच्या दृष्टीस पडला. चॅप्लिनने केलेली कोणतीही हालचाल जॅकी हुबेहूब उचलत असे. इतका समजदार सहकलाकार चॅप्लिनला क्वचितच लाभला असेल. ‘द किड’मध्ये अनाथाश्रमाची माणसे त्याला ओढून नेतात तो प्रसंग आजही पाहणाऱ्याच्या काळजाला भिडतो. त्या अश्रूंची कथा चॅप्लिनने आत्मचरित्रात नोंदवली आहे. पोर काही केल्या रडेना, तेव्हा रडला नाहीस तर खरोखरच गरिबांच्या आश्रमात धाडू, अशी धमकी त्याला देण्यात आली. देणारे होते त्याचे वडील. पडद्यावर आपण जे पाहतो, ते त्या धमकीने घाबरलेल्या मुलाचे खरे रडे आहे.

१९२१ मध्ये चित्रपट झळकला आणि जॅकी जगातील पहिला मोठा बालतारा ठरला. पुढच्याच वर्षी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तो नायक होता, फेगिनच्या भूमिकेत लॉन चॅनी होता, तोच पुढे ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ म्हणून प्रेक्षकांच्या झोपा उडवणारा. जॅकीच्या नावाने बाहुल्या, वह्या, शिट्ट्या विकल्या जाऊ लागल्या. १९२४ मध्ये निकटपूर्वेतील निराधार मुलांसाठी मदत गोळा करत तो युरोपात फिरला, पोपना भेटला. त्याचे लांब केस ही तर राष्ट्रीय ठेवच होती. ते कापायची वेळ आली, तेव्हा त्या केशकर्तनावरही १९२७ मध्ये एक चित्रपट काढण्यात आला! पण कापलेल्या केसांबरोबर ओढही ओसरली. ‘टॉम सॉयर’ (१९३०) आणि ‘हकलबेरी फिन’ (१९३१) हे त्या वैभवाचे शेवटचे किरण.

या काळात जॅकीच्या हातखर्चाला मिळत आठवड्याला सव्वासहा डॉलर. उरलेले पैसे वडील सांभाळत आहेत, एकविसाव्या वर्षी ते आपल्या हाती येतील, असा त्याचा समज होता. ४ मे १९३५ रोजी सॅन दिएगोजवळच्या मोटार अपघातात वडील गेले. गाडीतील पाच जणांपैकी एकटा जॅकी वाचला. ऑक्टोबरात तो एकवीस वर्षांचा झाला. पैसे आले नाहीत. आईने आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टीनशी विवाह केला आणि अज्ञान मुलाची कमाई पालकांचीच, असा पवित्रा दोघांनी घेतला. दुःखाची गोष्ट अशी, की कॅलिफोर्नियाचा तेव्हाचा कायदा त्यांच्याच बाजूने होता.

एप्रिल १९३८ मध्ये जॅकीने सख्ख्या आईवर दावा लावला. तीस ते चाळीस लाख डॉलरच्या कमाईपैकी शिल्लक उरली होती जेमतेम अडीच लाख. तीतून त्याच्या वाट्याला आले सुमारे एक लाख सव्वीस हजार. अभिनेत्री बेटी ग्रेबलशी नुकताच झालेला विवाहही १९३९ मध्ये मोडला. त्याच वर्षी बालकलाकारांच्या कमाईतील काही हिस्सा राखून ठेवण्याचा कायदा कॅलिफोर्नियात संमत झाला. लोक त्याला ‘कूगन कायदा’ म्हणू लागले. स्वतः कूगनला त्याचा छदामाचाही उपयोग झाला नाही.

मग युद्ध आले. तो सैन्यात भरती झाला, इंजिन नसलेली ग्लायडर विमाने चालवायला शिकला आणि १९४३ च्या अखेरीस थेट हिंदुस्थानात येऊन पोहोचला. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाट विमानतळावरून विंगेटच्या चिंडिट सैनिकांना घेऊन ग्लायडर ब्रह्मदेशात जपानी फळीमागे उतरले. जंगलातील त्या अंधाऱ्या पटांगणावर कित्येक ग्लायडर एकमेकांवर आदळून मोडले, माणसे मेली. त्या वैमानिकांत जॅकी कूगन होता. चित्रपटात असा प्रसंग त्याच्या वाट्याला कधीच आला नाही.

परतल्यावर मिळतील ती कामे त्याने केली. १९५३ च्या ‘मेसा ऑफ लॉस्ट विमेन’मध्ये तो अजस्र कोळी आणि कोळीस्त्रिया निर्माण करणारा माथेफिरू शास्त्रज्ञ झाला. चित्रपट भयपट म्हणून काढला होता. आज तो बघवतो तो हसण्यासाठीच. फेस्टरने मात्र हे हसू त्याच्या हक्काचे केले. ती मालिका दोन वर्षे चालली. १९७३ च्या व्यंगचित्र आवृत्तीतही फेस्टरचा आवाज त्याचाच होता. पुतण्या पग्जलीला आवाज दिला होता तेव्हा बालकलाकार असलेल्या जोडी फॉस्टरने.

१९७२ मध्ये वीस वर्षांच्या विजनवासानंतर ऑस्कर स्वीकारण्यासाठी चॅप्लिन लॉस एंजेलिसला आला, तेव्हा स्वागताला विमानतळावर कूगन उभा होता. वृद्ध चॅप्लिनने त्या टकलू, स्थूल गृहस्थाला मिठी मारली.

१ मार्च १९८४ रोजी हृदयविकाराने जॅकीचे निधन झाले. त्याच्या नावाच्या कायद्यातील पळवाटा बुजायला आणखी सोळा वर्षे लागली. १ जानेवारी २००० पासून कॅलिफोर्नियात बालकलाकाराची कमाई त्याच्याच मालकीची ठरली आणि तिच्यातील पंधरा टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. त्या खात्याला ‘कूगन खाते’ असेच म्हणतात.